शेवटच्या बांधीतला शॉट

धान रोवणाऱ्या बाईचा चेहरा सिनेमात दाखवायचा म्हणजे काय काम असतं, हे ज्याला कळत नाही त्यानं एकदा आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरावं. बाई कमरेत वाकलेली असते आणि उलटी चालते, मागे मागे सरकत. तिच्यापुढे रोवलेला धान, त्यात पाय ठेवायचा नाही. तिच्यामागे मोकळा चिखल, पण तिथून दिसते नुसती पाठ. म्हणूनच कॅलेंडरवर बघा, पेपरात बघा, रोवणीचा फोटो म्हणजे रांगेनं पाठीच पाठी. मला त्या पाठींचा फार राग यायचा. या बायांना तोंड नाही काय?

त्या रागातून आमचा सिनेमा निघाला. सिनेमा म्हणते, तर हसू नका. बारा-तेरा मिनिटांचा होता, पण होता सिनेमाच.

आमचा ग्रुप चार जणांचा. एक मी. बी.ए. झालेली, तिशीला टेकलेली, लग्न न झालेली, म्हणजे गावाच्या मते वाया गेलेली. दुसरा, मोहाडीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा पोट्टा. मेलेल्या फोनांचे भाग जोडून त्यानं एक जिवंत फोन उभा केला होता, तोच आमचा कॅमेरा. त्याला आम्ही दुकानवाला म्हणायचो. तिसरा चिखला खाणीवर मॅंगनीजचा ट्रक चालवायचा. सुटीच्या दिवशी मोटारसायकल हाणत यायचा आणि आवाजाचं खातं सांभाळायचा. म्हणजे दुसरा एक फोन रेकॉर्डिंगला लावून तो कुणाच्या तरी पदरात, टोपीत नाहीतर पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंडीत दडवायचा. आणि चौथी माझी वहिनी.

वहिनी आमची हिरोईन. माहेरी असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकातलं पहिलं बक्षीस कधी तिनं सोडलं नाही. लग्न होऊन आमच्या घरी आली आणि काकांच्या समोर डोक्यावरून पदर ओढून दाराआड उभी राहायला लागली. बाबा गेल्यापासून आमच्या घरात काकांचा शब्द चालतो. ते तिला 'सूनबाई' म्हणायचे. चहा आण सूनबाई, पाणी ठेव सूनबाई. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नव्हतं. रात्रीची भांडी घासताना ती जुने डायलॉग पुटपुटायची आणि मला पाहून गप्प बसायची. एकदा मी म्हटलं, "वहिनी, जोरात म्हण ना." तर हातातलं पातेलं दाखवून म्हणाली, "कोणासाठी म्हणू, बाई? या गंजासाठी?"

त्याआधी आम्ही दोन फिल्म केल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या होत्या. पहिली मोहाडीच्या आठवडी बाजारात. प्रत्येक शॉटमध्ये मागून कुणीतरी हात हलवतोय, एक म्हातारा तर सरळ कॅमेऱ्याला विचारतोय, "टीव्हीवर कधी येते गा?" दुसरीत ट्रकवाला आवाजाचा फोन चालू करायचाच विसरला. गावात आम्हाला पाहून लोक म्हणायचे, "आले रिकामटेकडे." माझ्या आईलाही वाटायचं, पोरगी येडी झाली. वहिनी मात्र म्हणायची, "हसतीन त्यांचे दात दिसतीन. आपलं काम आपण करावं."

तिसऱ्या फिल्मची गोष्ट साधी होती. एक रोवणीवाली. मालक रोज धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येतो आणि तिला 'अवो बाई' एवढंच म्हणतो. रोवणी संपते त्या दिवशी ती त्याच्या कपाळाला चिखलाचा टिळा लावते आणि त्याला आपलं नाव सांगते. बस. रोवणीच्या शेवटच्या दिवशी मालकाला चिखल लावायची आमच्याकडे रीतच आहे. बाया त्याला घेरतात, चिखलानं रंगवतात, हसतात, त्यानं काहीतरी कबूल केल्याशिवाय सोडत नाहीत. मालकानंही त्या दिवशी हसायचं असतं.

आमचे काका मात्र त्या दिवशी कधी शेतावर जात नसत. चिवड्याची थैली गड्याच्या हाती पाठवायची आणि आपण तालुक्याला काम आहे म्हणून निघून जायचं. बायांना ते ठाऊक होतं. त्यांची म्होरकी, जिला सगळं गाव मावशी म्हणतं, ती म्हणायची, "तुमच्या काकाचा चिखल आमच्यावर उधार हाय."

शेत काकांचंच लागणार होतं, कारण आमच्या वाट्याला एकच छोटी बांधी. दुकानवाला आणि ट्रकवाला यांना सोबत घेऊन मी घाबरत घाबरत विचारलं. काकांनी फोन बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मालकाचं काम कोण करून राहिला?"

"अजून ठरलं नाही, काका."

"मंग मीच करतो. बाहेरचा कायले पायजे? खरा मालक घरात असताना?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही कोण म्हणणार? शेत मिळत होतं, बाया मिळत होत्या आणि मालकही फुकटात. वहिनीचं नाव हिरोईन म्हणून घेतल्यावर त्यांनी जरा कपाळाला आठी घातली. मग म्हणाले, "ठीक हाय. पण डोक्यावर पदर राहिला पायजे." वहिनी दाराआडून "हाव" म्हणाली.

चेहऱ्याचा प्रश्न दुकानवाल्यानं सोडवला. बांधीच्या दोन्ही धुऱ्यांवर त्यानं बांबू रोवले, मधे दोर ताणला, आमच्या विहिरीची जुनी गडगडी त्यावर चढवली आणि फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली लोंबता सोडला. ट्रकवाला एका टोकानं दोरी ओढणार, तसा फोन रोवलेल्या धानावरून, एकाही रोपाला न लागता, बायांच्या तोंडासमोरून, त्या मागे सरकतील तसा सरकत जाणार. पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. ओळीनं चेहरे! घामाचे, हसणारे, तंबाखू धरलेले, शिव्या देणारे. मावशीनं फोनकडे पाहून विचारलं, "हे माकड कायले लटकवलं?" तेही आम्ही फिल्ममध्ये ठेवलं.

फक्त एक गोष्ट अशी होती की शॉट पुन्हा घेता येत नव्हता. रोवलेला धान उपटून पुन्हा रोवायला मावशीनं साफ नकार दिला. "जमिनीत गेला तो गेला. तुमच्या खेळासाठी उपटाव का? पाप लागन." म्हणून आम्ही आधीच्या बांध्यांमध्ये तालीम करायचो आणि खरा शेवट शेवटच्या बांधीत घ्यायचं ठरवलं. उजेड चांगला, सगळ्या बाया हजर, मागं भरलेलं हिरवं शेत. आम्हाला वाटलं, केवढी अक्कल चालवली!

अहो, अक्कल कसली? शेवटची बांधी म्हणजे शेवटची बांधी. तिथं चिखल खेळायचा हे बायांच्या अंगात पिढ्यान् पिढ्यांचं मुरलेलं. आम्ही सिनेमाचा शेवट नेमका खऱ्या शेवटावर नेऊन ठेवला होता, आणि काकांना, जे आजवर कधी सापडले नव्हते, त्यांना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तिथं आणून उभं केलं होतं. ही चूक शहरातल्या कोणत्या दिग्दर्शकाच्या हातून होईल? त्याला सुचणारच नाही. ती करायला आमच्याइतकं सगळं माहीत असावं लागतं.

काका धुऱ्यावर उभे राहिले. केस विंचरलेले, खिशाला पेन. मी 'चालू' म्हटलं. ट्रकवाल्यानं दोरी ओढली. शेवटची पेंडी रोवली गेली, बाया सरळ झाल्या. वहिनी बोटाला चिखल लावून काकांसमोर आली, ठरल्याप्रमाणे. काकांनी डायलॉग म्हटला, "झाली का वो बाई रोवणी?" चांगला म्हटला, खोटं कशाला बोलू?

वहिनीनं टिळा लावला. इथं तिनं पात्राचं नाव सांगायचं होतं. ती क्षणभर थांबली. मला वाटलं, डायलॉग विसरली. तेवढ्यात मागून मावशीची आरोळी आली, "उधारी आली वो, पोरींनो!" आणि सगळ्या बाया धावल्या.

"कट! कट!" मी ओरडत होते. कोण ऐकतं? चिखल खेळणाऱ्या बायांना कट माहीत नाही. काका धुऱ्यावरून घसरले, बांधीत बसले. उठायला गेले तर मावशीनं पाठीवर थापटी मारली. आणि माझी वहिनी, जिचा पदर केव्हाच खांद्यावर गेला होता, तिनं दोन्ही ओंजळी भरल्या, काकांच्या दोन्ही गालांना चिखल फासला, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मोठ्यानं आपलं नाव सांगितलं. पात्राचं नाही. आपलं. आईवडिलांनी ठेवलेलं. शाळेच्या स्टेजवरून जसं म्हणायची तसं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

आणि मग हसली. ते हसणं मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. तिनं ते एकदा नीट सांगितलं आहे. ज्याला ऐकायचं असेल त्यानं फिल्म पाहावी.

संध्याकाळी घरी जे व्हायचं ते झालं. काका अंघोळ करून ओसरीवर बसले होते. कानात अजून चिखल होता. म्हणाले, "तो शेवट काढून टाका. घरची सून, बिनपदराची, सासऱ्याच्या तोंडाले हात लावते, वरून नाव ओरडते! उद्या पाहुणे पाहतीन. काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "काका, रीत आहे ती. आणि सिनेमात ती सून नव्हती."

"सिनेमा संपला ना? आता हाय का नाई सून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् माझा चेहरा तरी कुठं दिसून राहिला त्यात? पुरा चिखलच हाय."

ते दुखणं खरं होतं. तालीम म्हणून त्यांनी आरशासमोर उभं राहून तो डायलॉग कितीदा म्हटला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला त्या क्षणी त्यांची दयाही आली. पण दया आली म्हणून शॉट कापायचा का?

मग त्यांनी सौदा टाकला. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते, म्हणजे जत्राच. घरोघर पाहुणे, दिवसा दंडारीचा खेळ, रात्री नाटक. मंडई समितीचे अध्यक्ष काकाच. म्हणाले, नाटकाच्या आधी तुमची फिल्म मोठ्या पडद्यावर लावतो, माईकवरून नाव पुकारतो, तुमचा सत्कार करतो. फक्त तो शेवट काढा आणि सूनबाईनं सगळ्यांसमोर नाही तर नाही, घरात तरी पाया पडून माफी मागावी.

खरं सांगते, आम्ही डळमळलो. मोठा पडदा! सगळं गाव, आजूबाजूची गावं! ट्रकवाला म्हणाला, "टिळ्यावर थांबवू ना. गोष्ट कळते तेवढ्यात." दुकानवाला नखं खात बसला. आई म्हणाली, "पाया पडल्यानं झिजते काय मानूस? विषय मिटव, माय." दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, जमिनीकडे पाहत होता. मला सगळ्यांचा संताप आला आणि स्वतःचाही, कारण माझ्याही डोक्यात तो पडदा नाचत होता.

वहिनी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाया मी पडतो. रोजच पडतो, सणावाराले पडतो, त्यात काय हाय? पण शॉट काढायचा नाई."

"अवो, पण…" आई म्हणाली.

"आई, मी या घरात आली तवापासून एकदा नाव सांगितलं. एकदा. तेही काढून टाकाव?" मग माझ्याकडे वळली. "बाई, तू काढशीन तं काढ. पण मंग माह्या बाकीचा चेहराही काढजो. पाठीच ठेवजो."

दादानं मान वर केली. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "राहू द्या. काही काढायचं नाई." आणि उठून बैलांना चारा टाकायला गेला. त्या एका वाक्यासाठी मी त्याचे लहानपणापासूनचे सगळे गुन्हे माफ केले.

मी काकांना जाऊन सांगितलं. शॉट राहील. पडदा नको. काका म्हणाले, "मंग गावात कुठं दाखवता ते पाहतो." मी म्हटलं, "पाहा."

मंडईच्या दिवशी दुपारी मावशीच्या ओसरीवर आम्ही फिल्म लावली. दुकानवाल्यानं दुकानातला टीव्ही मोटारसायकलवर मांडीत धरून आणला. ओसरीला ताडपत्री बांधून अंधार केला. आत उकाडा असा की कुणी म्हटलं, इथं धान उकडून निघेल. बाहेर दंडारीचा ढोलका वाजत होता, त्यामुळे अर्धे संवाद ऐकूच येत नव्हते. काही अडलं नाही. बाया स्वतःच सांगत होत्या: हे पाह्य, आता मी शिवी देतो, हे पाह्य, आता तुह्या सासूचा पाय फसते. पाहुणे आलेले जावई दारात उभे राहून पाहत होते. कुणाचीतरी आजेसासू स्क्रीनवर स्वतःला पाहून म्हणाली, "मी इतकी म्हातारी हावो काय?" आणि रडायलाच लागली, मग हसली.

शेवट आला. काका, टिळा, आरोळी, चिखल. आणि वहिनीनं नाव सांगितलं. ढोलक्यातूनही ते स्पष्ट ऐकू आलं. मग मावशी म्हणाली, "पुन्हा लाव." आम्ही पुन्हा लावली. वहिनी मागं भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

फिल्म मग कुणाच्या ना कुणाच्या फोनवरून फिरत राहिली. आता आम्हाला विचारत होतं कोण? माहेरवाशिणींनी ती माहेरून सासरी नेली.

काकांनी 'पाहतो' म्हटलं होतं, ते करून दाखवलं. मावशीच्या गटाला त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या रोवणीला माझ्या शेतात पाय ठेवायचा नाही. मावशी म्हणाली, "नोको ठेवू देऊ. गावात त्याच्याच बांध्या हायेत काय?" रोवणीच्या दिवसांत बाई मिळत नाही म्हणून मालक दारोदार फिरतात. मावशीच्या गटाला काय कमी? पण माझ्या छातीवर तो दगड होताच. आमच्या खेळापायी कुणाचं काम गेलं, हे मला झोंबत होतं. मी ते बोलून दाखवलं तर मावशीनं मलाच झापलं. "खेळ तुमचा होता. उधारी आमची होती. तू कायले मोठेपणा घेतं?"

पुढची रोवणी आली. काकांनी कोंढ्याकडून, पवनी तालुक्यातून, पिकअप भरून बाया आणवल्या. अनोळखी बाया, कामाला चटपटीत. काका खूश. या बायांना इथलं काही माहीत नाही, मागचं काही माहीत नाही. शेवटच्या दिवशीही ते तालुक्याला गेले नाहीत. छत्री घेऊन धुऱ्यावर उभे राहिले, गावाला दाखवायला की बघा, मी कुणाला भीत नाही.

आमची बांधी काकांच्या बांधीला लागूनच. मी आणि वहिनी आमच्या धुऱ्यावर पेंड्या टाकत होतो. काकांच्या बांधीत शेवटची पेंडी रोवली गेली. बाया सरळ झाल्या. त्यातली एक तरणी पोरगी काकांकडे टक लावून पाहत होती. मग तिनं शेजारणीला कोपर मारलं.

"अवो, हा तोच होय ना? फिल्ममधला?"

काकांनी ऐकलं. छत्री मिटली. पळायला जागा नव्हती, कारण धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी बाया चढत होत्या.

"अरे, नाई, नाई! सूनबाई! ओ सूनबाई!" काकांनी आमच्याकडे पाहून हाक मारली. "सांग यांना काहीतरी!"

वहिनीनं पेंडी खाली ठेवली. कमरेला खोचलेला फोन काढला, प्लास्टिक पुसलं आणि धुऱ्यावरून सावकाश तिकडे निघाली. पदर खांद्यावर होता. मी मागोमाग धावले. काका तोवर बसले होते चिखलात. बाया हसत होत्या, ती तरणी पोरगी दोन्ही ओंजळी भरत होती.

"सूनबाई!"

वहिनी फोन धरून नुसती उभी राहिली.

काकांनी गालावरचा चिखल निपटला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आणि मग त्यांनी तिला नावानं हाक मारली. पुरं नाव घेतलं, नीट.

"हाव, काकाजी," वहिनी म्हणाली. "इकडे पाहा. मागच्या वर्षी तुमचा चेहरा बराबर आला नव्हता."